दोन संगणक, एक ध्वनिवर्धक

साताऱ्याच्या पूर्वेस माहुलीच्या संगमावर वेण्णा कृष्णेस मिळते, आणि तीच कृष्णा सांगलीजवळ हरिपुरास पोंचली म्हणजे तेथें वारणा तिच्यांत येऊन मिसळते. उन्हाळ्यांत हे संगम पाहणारास असें वाटतें कीं, दोन प्रवाहांचा एक प्रवाह होणें याहून सोपी गोष्ट सृष्टींत दुसरी नसेल. पावसाळ्यांत हरिपूरच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे मात्र निराळाच देखावा दिसतो. कृष्णेस मोठा पूर आला असला तर वारणेचें पाणी पुढें सरकत नाहीं; उलट तें मागें फुगत जातें आणि वारणाकांठच्या शेतांत शिरतें. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हां फुगवटा म्हणजे काय हें त्या भागांतील माणसांस कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

घरांतील दोन संगणकांचा आवाज एकाच ध्वनिवर्धकांतून कसा काढावा, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. पण तो नेमका ह्या फुगवट्याचा प्रश्न आहे. आणि त्याच्या पोटांत दुसराहि एक प्रश्न दडलेला आहे, जो लहान मुळींच नाहीं. त्याचा संबंध जिवाशीं येतो. तो पुढें यथाक्रम येईलच.

२०२० च्या मार्च महिन्यांत सारा देश घरांत कोंडला गेला, शाळा आणि कचेऱ्या संगणकाच्या पडद्यावर भरूं लागल्या, आणि ज्या घरांत एक संगणक पुरून उरत असे तेथें दोन आले. पुढें शाळा उघडल्या, कचेऱ्याहि उघडल्या, पण दुसरा संगणक कांहीं परत गेला नाहीं. ध्वनिवर्धकांची जोडी, ज्यांस सर्वजण स्पीकर म्हणतात, ती मात्र बहुतेक घरीं एकच राहिली. कारण टेबलावर दुसऱ्या जोडीस जागा नाहीं, आणि चांगली जोडी दोनदां घेण्याइतका पैसाहि कोणी ह्या कामीं खर्च करीत नाहीं. तेव्हां मुलीचा अभ्यासाचा तास संपला कीं टेबलाखालीं वांकून पिन उपसावयाची व वडिलांच्या यंत्रांत खुपसावयाची, आणि आजोबांस नाट्यसंगीत ऐकावयाचें असलें कीं पुन्हां तीच कसरत, असा क्रम चालतो. वर्षभरांत त्या छिद्रांतील स्प्रिंग सैल होते आणि एका कानाचा आवाज जातो.

प्रथम एका शंकेचा निरास केला पाहिजे. एकाच कागदी पडद्यांतून दोन निरनिराळे आवाज एका वेळीं निघतील तरी कसे, असें पुष्कळांस वाटतें. याचें उत्तर सांगलीच्या शेजारींच मिरजेस मिळतें. तेथील तंबोरे व सतारी प्रसिद्ध आहेत. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. तंबोऱ्यास तारा चार, पण घोडी एक, तबली एक आणि भोपळाहि एकच. चारही तारा आपापला सूर त्याच घोडीवर टाकतात. तबली त्या सर्वांच्या बेरजेइतकी हलते, आणि ऐकणाराचा कान त्या एका हालचालींतून पंचम व षड्ज पुन्हां वेगळे काढतो. ध्वनिवर्धकाचा पडदा हेंच करतो. बासरी, तबला आणि गवय्याचा गळा हे तिन्ही तो एका वेळीं नाहीं का ऐकवीत? त्यास चौथा आवाज जड नाहीं. अडचण पडद्यांत नसून त्याच्या आधीं, तारांच्या संगमावर आहे.

बाजारांत एका पिनेस दोन फाटे असलेली तार थोड्या पैशांत मिळते. ती मूळ एका यंत्राचा आवाज दोघांच्या कानांत पोंचविण्यासाठीं केलेली असते, आणि त्या कामास ती अगदीं योग्य आहे. एका कालव्यास दोन पाट काढण्यासारखें तें आहे. लोक हीच तार उलटी वापरतात. दोन फाटे दोन संगणकांत आणि एक तोंड ध्वनिवर्धकांत. येथें गफलत होते.

संगणकाच्या आवाजाच्या तोंडाआड एक लहानसा वर्धक बसविलेला असतो. तो आपल्या तारेवरील विद्युद्दाब आवाजाच्या लहरींप्रमाणें वरखालीं करीत असतो. पहिला संगणक गात आहे आणि दुसरा गप्प आहे असें समजावें. गप्प म्हणजे मेलेला नव्हे. त्याचाहि वर्धक जागा असतो आणि आपल्या तारेवरील दाब शून्यावर धरून ठेवण्याची शिकस्त करीत असतो. आतां ह्या दोन तारा एकत्र बांधल्या तर एक वर ओढतो आणि दुसरा शून्यावर दाबतो. अशा तोंडांचा अंतर्गत विरोध कांहीं ओहमांचा, फार तर कांहीं दशक ओहमांचा असतो, तर वीजवर्धक आंत असलेल्या ध्वनिवर्धकाचा प्रवेशविरोध साधारण १०,००० ओहमांच्या घरांत असतो. दुसऱ्या संगणकाचा विरोध ३० ओहम धरला, तर पहिल्याच्या प्रवाहांतील सुमारें तीनशें तेहतीस भाग दुसऱ्या संगणकाच्या घशांत मागें शिरतात तेव्हां एक भाग ध्वनिवर्धकाच्या वांट्यास येतो. हाच तो फुगवटा. आवाज बसतो, फाटतो, आणि दोन्ही वर्धकांस नाहक श्रम पडतात.

“आमच्या घरीं तर अशीच जोडली आहे, कांहीं बिघडलें नाहीं,” असें म्हणणारे गृहस्थ भेटतात. त्यांचें म्हणणें खोटें नसतें. पुष्कळ यंत्रांत कारखानदारानेंच तोंडाशीं थोडा विरोध घातलेला असतो व अतिप्रवाहापासून बचावाची सोयहि असते. परंतु बांध पक्का आहे म्हणून दर वर्षीं त्यावर पूर सोडावा, असा त्याचा अर्थ होत नाहीं.

उपाय अगदीं स्वस्त आहे. प्रत्येक प्रवाहाच्या वाटेंत, संगमाच्या थोडें अलीकडे, एक अरुंद दार घालावयाचें, म्हणजे पाणी पुढें जाईल, पण एकाचा लोंढा दुसऱ्याच्या पात्रांत उलटा शिरणार नाहीं. विजेच्या व्यवहारांत ह्या दारास रोधक म्हणतात. दुकानदार त्यास रेझिस्टर म्हणतो. ज्या नियमानें त्याचें माप ठरतें तो १८२७ सालीं प्रसिद्ध करणारा गेऑर्ग ओहम हा जर्मनींतील एक शाळामास्तर होता, ही गोष्ट शाळामास्तरांनीं तरी विसरूं नये.

साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचे तीन भाग असतात. टोंकाचा भाग डाव्या आवाजाचा, मधली कडी उजव्या आवाजाची, आणि बुडाचा लांब भाग दोहोंस समाईक. दोन संगणकांच्या मिळून डाव्या-उजव्या अशा चार तारा झाल्या. त्या प्रत्येकींत एक, असे चार रोधक घालावे. प्रत्येकाचें माप १ किलोओहमपासून ४.७ किलोओहमपर्यंत कोणतेंहि चालेल, मात्र चारही सारखे असावे. पाव वॉटचे पुरतात. १ किलोओहमच्या रोधकावर तपकिरी, काळा व तांबडा असे पट्टे असतात, ४.७ ला पिवळा, जांभळा व तांबडा. रोधकांपलीकडे डाव्या दोन तारा एकत्र, उजव्या दोन एकत्र, आणि समाईक तारा रोधकाशिवाय थेट एकत्र कराव्या. डावी आणि उजवी मात्र एकमेकींस लावूं नयेत. हें सर्व साबणाच्या डबीएवढ्या पेटींत मावतें, आणि शाळेंत विज्ञानाची आवड असलेला मुलगा डागकाम शिकला असेल तर एका दुपारचें काम आहे.

समजा, २ किलोओहमचे रोधक घातले. आतां पहिल्या संगणकास दुसऱ्याकडे पाहतां ३० ओहमांऐवजीं चार हजारांहून अधिक ओहम दिसतात. त्याचा ताण गेला. किंमत एवढीच कीं, संगमावर पोंचणारा दाब निम्म्याहून किंचित् कमी होतो. ध्वनिवर्धकाची चावी थोडी पुढें फिरविली म्हणजे ती भरून निघते.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. हा प्रयोग ज्या ध्वनिवर्धकास स्वतःची वीज लागते, म्हणजे ज्याच्या पोटांत वर्धक आहे, त्याच्यासाठींच आहे. जुन्या पद्धतीच्या वर्धकाच्या मागील लाल-काळ्या कळींतून मोठ्या लाकडी पेट्यांकडे जाणाऱ्या तारा हा निराळा मामला आहे. तेथें दोन वर्धक एकत्र बांधले तर फुगवटा नव्हे, धरणच फुटतें.

ज्यांस दोन्ही आवाज एका वेळीं नकोच आहेत त्यांस रोधकांचीहि गरज नाहीं. १८४३ सालीं सांगलींत विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदें पात्रें म्हणत नसत. सूत्रधार सर्वांच्या वतीनें गात असे, आणि ज्याचें पद चालू असेल तें पात्र तेवढें अभिनय करी. एक गळा, पात्रें अनेक, पण एका वेळीं एकाचेंच पद. घरांत हें काम सहा पायांचा टॉगल स्विच करतो. मधले दोन पाय ध्वनिवर्धकाचे, एका बाजूचे दोन पहिल्या संगणकाचे, दुसऱ्या बाजूचे दोन दुसऱ्याचे. तयार पेट्याहि मिळतात. ह्या पद्धतींत आवाज कमी होत नाहीं आणि फुगवट्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. उणीव एवढीच कीं, मुलीचा संगणक लावला असतां वडिलांच्या यंत्रावर कोणी हांक मारली तर ती ऐकूं येत नाहीं. कित्येक वडिलांस ही उणीव वाटणार नाहीं.

शिवाय दोन्ही आवाज सदैव चालू ठेवण्यांत एक गैरसोय आहे. एका संगणकावर सभा चालू असतां दुसऱ्याचें गाणें त्याच ध्वनिवर्धकांतून निघतें, तें पहिल्याच्या मायक्रोफोनमध्यें शिरतें, आणि पुण्यास बसलेल्या साहेबास हिशेबाच्या मध्येंच भैरवी ऐकूं येते. सभेच्या वेळीं कानांत बसणारा हेडफोन घ्यावा हेंच बरें.

इतर मार्ग थोडक्यांत सांगतां येतील. टेबलावर राहणाऱ्या संगणकाच्या पाठीवर हिरवें तोंड आवाज बाहेर जाण्याचें, निळें आंत घेण्याचें व गुलाबी मायक्रोफोनचें असतें. एकाचें हिरवें तोंड दुसऱ्याच्या निळ्याशीं जोडावें व दुसऱ्याचा आवाज ध्वनिवर्धकास द्यावा, म्हणजे मिसळण्याचें काम दुसरा संगणकच करतो. मात्र पहिल्याचें गाणें ऐकावयास दुसराहि चालू ठेवावा लागतो. मांडीवरच्या संगणकांस निळें तोंड बहुधा नसतें, आणि गुलाबी तोंडांत ही तार खुपसूं नये. तें फार नाजूक असतें व त्यावर मायक्रोफोनसाठीं दिलेला विजेचा दाबहि असतो. ज्यांस प्रत्येक आवाजास वेगळी चावी हवी त्यांनीं लहान मिक्सर घ्यावा, अर्थात् स्वयंपाकघरांतील नव्हे. ब्लूटूथनें तारेची कटकट जाते. पण पुष्कळ ध्वनिवर्धक एका वेळीं एकाच यंत्राचें ऐकतात, आणि आवाज किंचित् मागें पडत असल्यामुळें कित्येकदां पडद्यावरील ओठ आधीं हलतात व शब्द मागाहून येतो. लिनक्स वापरणारांस पल्सऑडिओसारख्या साधनानें घरच्या वाय-फायवरूनच एका संगणकाचा आवाज दुसऱ्याकडे पाठवितां येतो.

आतां ज्याचा उल्लेख आरंभीं केला ती गंभीर गोष्ट.

रोधक बसविले, जोडणी झाली, दोन्ही संगणक चालू केले, आणि कोणी कांहीं लावलें नसतांहि ध्वनिवर्धकांतून भुंग्यासारखी एक संथ ‘घूं’ ऐकूं येऊं लागली, हा अनुभव फार घरांत येतो. संगणक एकेकटा जोडला तर ती नसते; दोन्ही जोडले कीं येते. यंत्र बिघडलें असा तर्क होतो, पण तो चुकीचा आहे. आपल्याकडील वीज दर सेकंदास ५० वेळां आवर्तन करते, आणि ती घूं हीच त्या ५० आवर्तनांची व त्यांच्या पटींची असते. दोन्ही संगणकांचे प्लग तीन पिनांचे. तिसरी, जाड पिन भिंतीआडच्या अर्थिंगच्या तारेस मिळते. दोन खोल्यांतील दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्यें थोडासा दाबाचा फरक नेहमींच असतो, कारण फ्रीज, पाण्याचा पंप वगैरे यंत्रांचा बारीक गळतीचा प्रवाह त्याच तारेंतून वाहतो. एरव्हीं ह्या फरकाची कोणास दादहि नसते. आवाजाच्या समाईक तारेनें दोन्ही संगणक बांधले गेले कीं एक पुरें वर्तुळ होतें: पहिल्याची तिसरी पिन, भिंतींतील तार, दुसऱ्याची तिसरी पिन, आणि आवाजाची तार धरून पुन्हां पहिला. ह्या वर्तुळांत फिरणारा प्रवाह आवाजांत मिसळतो. आवाजाचा दाब मुळांतच एका व्होल्टच्या आंतबाहेर, त्यामुळें कांहीं सहस्रांश व्होल्टांची भेसळहि कानास जाणवते.

मांडीवरचा संगणक असेल तर परीक्षा सोपी आहे. त्याचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. घूं थांबली तर दोष अर्थिंगच्या वर्तुळाचा आहे असें समजावें.

यावर जो उपाय गल्लोगल्लीं सांगितला जातो तो असा कीं, एका संगणकाच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकावी, किंवा तीन पिनांस दोन पिना करणारा तुकडा मध्यें घालावा. घूं तत्काळ थांबते. थांबते म्हणूनच हा उपाय घातक आहे. तो केल्याचें पुढें कोणाच्या लक्षांतहि राहत नाहीं.

संगणकास वीज पुरविणाऱ्या पेटींत विजेची तार व बाहेरचें पत्र्याचें कवच यांच्या मध्यें लहान संधारित्रें असतात. अर्थिंग तुटलें कीं कवचावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे २३० व्होल्टपैकीं सुमारें ११५ व्होल्ट दाब चढतो. त्यांतून मिळणारा प्रवाह फार थोडा असतो, म्हणून हात लावला असतां केवळ मुंग्या येतात. ह्या मुंग्या म्हणजे अर्थिंग नाहीं अशी वर्दी आहे; तिला संगणकाचा स्वभाव समजणें चुकीचें होय. पुढें एखाद्या दिवशीं आंतील तारेचें वेष्टन झिजून ती कवचास टेकली तर तें कवच पूर्ण २३० व्होल्टवर उभें राहतें. अर्थिंग शाबूत असतें तर तो प्रवाह जमिनींत जाऊन वीज तुटली असती. आतां तो वाट पाहत राहतो, आणि पहिली वाट ओल्या पायानें फरशीवर उभ्या असलेल्या माणसाची असते. दोन संगणक आवाजाच्या तारेनें बांधलेले असल्यास आणखी एक गोष्ट घडते. दुसऱ्याचें अर्थिंग शाबूत असलें तर सारा प्रवाह ती केसाएवढी तार धरून तिकडे धांवतो आणि ती पेटते. दुसऱ्याचेंहि तोडलेलें असलें तर तोच दाब ध्वनिवर्धकापर्यंत व मुलाच्या कानांतील हेडफोनपर्यंत पोंचतो.

कित्येक चार्जर मुळांतच दोन पिनांचे येतात, त्यांची गोष्ट वेगळी. ते दुहेरी वेष्टनाचे म्हणून बनविलेले असतात. ज्या प्लगास कारखानदारानें तिसरी पिन दिली आहे ती मोडूं नये.

अर्थिंगविषयीं ह्या दोन गांवांत एक फरक आहे. सांगलीच्या नदीकांठची काळी माती ओल धरून ठेवते, तींत अर्थिंग सहसा चांगलें लागतें. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील सातारकरांच्या घरांखालीं मुरूम आणि काळा कातळ. चैत्र-वैशाखांत तेथील अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ व कोळसा घालून भरलेल्या खड्ड्यास उन्हाळ्यांत बादलीभर पाणी घालण्याची जी जुनी रीत आहे ती निरर्थक नाहीं. समजा, खड्ड्याचा विरोध २३ ओहम झाला. २३० व्होल्टास २३ नें भागिलें तर १० अँपिअर येतात, आणि तेवढ्यानें १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाहीं. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीस तुटणारा ईएलसीबी घरांत असावा. आणि सांगलींत ज्या घरांच्या खालच्या मजल्यांत २०१९ सालीं किंवा २०२१ सालीं पुराचें पाणी शिरलें त्यांनीं, बोर्ड बदलले असले तरी, भिंतींतील अर्थिंगची तार जाणत्या तारतंत्रीकडून एकदां मोजून घ्यावी. भिंतीवरील पुराची खूण रंगानें झांकते, पण गंजलेला सांधा तसाच आंत राहतो.

घूं घालविण्याचे सरळ उपाय दोन. पहिला बिनखर्ची: दोन्ही संगणक व ध्वनिवर्धक यांचे प्लग एकाच बोर्डावर लावावे, म्हणजे दोन खोल्यांच्या अर्थिंगमधील फरक वर्तुळांत येतच नाहीं. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें. जेथें संगणक दोन खोल्यांत आहेत तेथें दुसरा उपाय करावा. आवाजाच्या तारेंत घालावयाची एक अंगठ्याएवढी डबी मिळते, तिला दुकानदार ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात. तींत प्रत्येक आवाजासाठीं तारेचीं दोन वेटोळीं असतात. तीं एकमेकांस टेकलेलीं नसतात. आवाज एका वेटोळ्यांतून दुसऱ्यांत चुंबकाच्या द्वारें जातो, पण धातूचा संबंध तुटतो आणि त्याबरोबर तें वर्तुळहि तुटतें. ध्वनिवर्धकाचा स्वतःचा प्लग दोन पिनांचा असेल तर एकाच संगणकाच्या तारेंत ही डबी पुरते. तोहि तीन पिनांचा असेल तर दोन लागतात. हलक्या डबींत मृदंगाच्या डाव्या अंगाचा खर्ज थोडा पातळ होतो, हें विकत घेण्यापूर्वीं ऐकून पाहावें.

जोडणी पुरी झाल्यावर एका संगणकावर गाणें लावून दुसऱ्याची पिन हळूच उपसून पाहावी. आवाज एकदम वाढला तर रोधक नीट बसले आहेत. कारण दुसऱ्याकडे वळणारा अर्धा वांटा आतां पुढें येऊं लागला. पिन पुन्हां घातली कीं तो पूर्ववत् उतरेल. उतरण्याऐवजीं तो जवळजवळ नाहींसा झाला किंवा फाटूं लागला, तर एखादा रोधक डागकामांत परस्पर जोडला गेला आहे असें समजून पेटी उघडावी.